वेळूवर वेळू

परतूरच्या पलीकडल्या त्या गावात रेडिओ एकच होता आणि तो काकासाहेबांच्या ओसरीत होता. माळवदावर उंच वेळू, वेळूला एरियलची तांब्याची तार, दुसरी तार खाली जमिनीत पुरलेली, असा सगळा थाट. मुंबईची बातमी काकासाहेबांच्या घरून कळली म्हणजेच गाव ती खरी मानायचं. एवढ्यावर माणसानं सुखानं राहायला हरकत नव्हती.

पण काकासाहेबांच्या लेकीला माहेरी पोचवायला बदनापूरचे व्याही भुजंगराव स्वतः येणार असल्याचा निरोप आला. त्यांच्याकडंही रेडिओ होता. आपला वेळू हातभर जास्त उंच आहे, हे त्यांनी भर लग्नात ऐकवलं होतं. ते काकासाहेबांच्या मनाला फार लागलं होतं.

"कचरू, वेळूवर वेळू बांध," त्यांनी गड्याला फर्मावलं.

"मालक, डुलंल की."

"मंग चहूबाजूंनी दोर ताण. खुट्या अंगनात ठोक, बराबर मजबूत."

वेळू चढला आणि अंगणभर दोरांचं जाळं झालं. कुणाचा पाय अडकला तर सगळा डोलारा खाली, म्हणून काकासाहेबांनी अंगणच बंद केलं. घरची माणसं परसदारानं ये-जा करू लागली. त्यांची बायको साळूबाई रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायची. तिलाही मनाई झाली.

"चैताचं ऊन हाय. तुळस सुकून राह्यली," ती म्हणाली.

"व्याही जाऊ दे, मंग घाल घागरभर."

लवकरच रेडिओचा आवाज घोगरा झाला. काकासाहेबांनी आणखी एक वेळू जोडायला लावला. त्याबरोबर आणखी दोर आले. रेडिओ खरखरू लागला. त्यावरही एक वेळू चढला, तेव्हा मुंबई बिलकुल गप्प झाली आणि कढईत तळण सोडल्यासारखा आवाज तेवढा उरला.

भुजंगराव आले ते शिवेपासूनच वर बघत आले. "लई उंच केला, व्याहीबुवा. सकाळी मुंबई लावा."

सकाळी ओसरी माणसांनी भरून गेली. काकासाहेबांनी कळ फिरवली. नुसती खरखर.

"वारं हाय जरासं," ते म्हणाले.

भुजंगराव मिशीतल्या मिशीत हसले. साऱ्या गावादेखत मान खाली जायची वेळ आली आणि काकासाहेब पुन्हा पुन्हा कळ पिळू लागले.

तेवढ्यात साळूबाई घागर घेऊन दोर ओलांडत निघाली.

"अगं, दोर," काकासाहेब कळवळले.

"ऱ्हाऊ द्या दोर. पावन्याला पुरनपोळी आन माझी तुळस उपाशी?"

तिनं घागर तुळशीच्या बुडाशी रिकामी केली. ओसरीतली खरखर हळूहळू विरली आणि मुंबईचा बातम्या सांगणारा शेजारी बसल्यासारखा बोलू लागला.

काकासाहेबांना तेव्हा आठवलं. जमिनीतली तार कायम ओल्या जागी ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. अंगणात बारा महिने ओली असणारी जागा एकच. तुळशीजवळ ती तार त्यांनी आपल्याच हातानं पुरली होती.

"मानलं, व्याहीबुवा," भुजंगराव वर बघत म्हणाले. "ही वेळूची करामत. म्या बी घरी जाऊन आनखी दोन-तीन जोडतो."

"जोडा की," काकासाहेब छाती काढून म्हणाले. "आन अंगन तेवढं बंद ठेवा. दोरात कुनी अडकाया नको."

भुजंगराव गेले तसे जास्तीचे वेळू उतरले. काकासाहेब आता रोज आंघोळ झाली की आधी स्वतः तुळशीला घागरभर पाणी घालतात, मग रेडिओपाशी बसतात. साळूबाई गल्लीत ताठ मानेनं सांगते, "धा वर्सं म्या मुक्यानं पानी घातलं, पन देवानं ऐकलंच. मानूस मार्गाला लागला."