गांडूळआजींच्या मुलुखावर चौथी ‘अ’ची स्वारी

विदित व्हावे की, लॉन्ड्रीच्या पिछाडीस जो मोकळा तुकडा आहे, तेथे पूर्वी विटांचे तुकडे, फुटके कमोड आणि उंदीर यांचा अंमल होता. तो अंमल मोडोन मातोश्रींनी अकरा वर्षांमागे तेथे शेत बसविले. मातोश्री टपालखात्यात पत्रे निवडण्याच्या चाकरीस होत्या. चाकरी पुरी जाहली आणि त्या पत्रांऐवजी खडे वेचू लागल्या, आणि मग वाफे जाहले, फळांच्या रिकाम्या पेट्यांतून पालेभाजी उभी राहिली, टाकून दिलेल्या बाथटबात गांडुळांची वसाहत नांदू लागली, तीन कोंबड्या दरबारी रुजू जाहल्या, आणि मग दर मंगळवारी कोणती ना कोणती शाळा आपली फौज घेवोन स्वहस्ते शेती करावयास येऊ लागली. या फौजांनी मातोश्रींस ‘गांडूळआजी’ हा किताब बहाल केला, आणि तो त्यांनी मस्तकी धारण केला. ऐसे ते वैभव एके मंगळवारी बुडता बुडता कैसे वाचले, त्याची हकीगत येणेप्रमाणे.

परंतु आधी एक साधा दिवस सांगणे प्राप्त आहे.

तोही मंगळवारच होता. मातोश्रींची एकुलती कन्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या हुद्द्यावर होती, ती मातोश्रींचा दुरुस्त केलेला चष्मा घेवोन फाटकाशी आली. मातोश्री नळाखाली पेट्या धूत होत्या. हात कोपरापर्यंत ओले, म्हणोन त्यांनी मान पुढे केली, आणि कन्येने चष्मा त्यांच्या नाकावर चढविला.

“थांबतेस का? तिसरी ब येतेय. पाऊण तासाचा तर प्रश्न.”

“आज नाही गं. काम आहे.”

“तुझं काम काही संपत नाही बाई.”

“आई, खरंच आहे.”

“बरं. पुढच्या वेळी.”

आता या ‘काम आहे’चे मूळ सांगितले पाहिजे. कन्या शूर होती. तिने तऱ्हेवाईक लेखकांस नमविले होते, बिघडल्या लिफ्टमध्ये दीड तास एकटीने काढिला होता. परंतु बालपणी तिच्या बुटात एक गांडूळ निघाले, आणि ते पाय घातल्यावर कळले, आणि तेव्हापासोन त्या जातीची दहशत तिच्या मनी कायम बसली. मातोश्री तर गांडुळे तान्ह्या बाळासारखी तळहाती घेत. त्यांजपुढे हे कोणत्या तोंडाने बोलावे, म्हणोन पहिल्या वर्षी कन्या ‘काम आहे’ म्हणाली, आणि दुसऱ्या वर्षीही म्हणाली, आणि मग ते वाक्य रुळले. दुसऱ्यांच्या लिखाणातील काना-मात्रा न सोडणाऱ्या बाईने आपले एक खोटे वाक्य अकरा वर्षे तैसेच चालू दिले.

त्या दिवशी तिसरी ‘ब’च्या फौजेने मातोश्रींच्या देखरेखीखाली तीन वाफ्यांत मुळ्याचे बी पेरिले. या मुलुखाचा कायदाच ऐसा की, एका वर्गाने पेरावे, पुढील वर्गाने काढावे, आणि काढणारांनी जाण्यापूर्वी त्यांच्या पुढल्यांसाठी पेरोन जावे. मग गुरुवारी पहाटे मातोश्रींचे हृदय निजेतच थांबले. त्या दिवसाचे अधिक लिहिण्यास शाई पुष्कळ आहे, परंतु लिहीत नाही.

तेराव्या-चौदाव्या दिवशी कन्या फाटकास कुलूप घालावयास गेली, तो लॉन्ड्रीवाला गरम चादरींचा गठ्ठा पोटाशी धरोन बाहेर आला, आणि तो सहज बोलोन गेला की, “तुमची आठवण काढायच्या हो कोंबड्यांशी बोलताना. म्हणायच्या, माझ्या लेकीला या मातीचा कमीपणा वाटतो बहुतेक, असू दे, ज्याची त्याची आवड.” कन्येने हे ऐकिले, कोंबड्यांच्या दाण्यासाठी आणि वाफ्यांच्या पाण्यासाठी दुसरी किल्ली त्याजपाशी दिली, आणि कुलूप घातले. तलवारीचा घाव बुजतो. हा कोंबड्यांमार्फत आलेला घाव बुजावयाचे नाव घेईना.

मध्यंतरी शाळांच्या परीक्षा जाहल्या म्हणोन सहा हप्ते कोणी आले नाही. इकडे जागेचे धनी जे शेजारच्या इमारतीचे चेअरमन, त्यांशी मातोश्रींचा जुना तह होता की, सहली चालतील तोवर शेत, आणि सहली थांबल्या की गाड्यांचा तळ. चेअरमनसाहेब दुष्ट नव्हते, फक्त त्यांजपाशी दोन गाड्या होत्या. त्यांनी निरोप धाडिला की, परीक्षांनंतरच्या पहिल्या मंगळवारी आपण स्वतः येवोन पाहू.

आणि मग मातोश्रींचा फोन, जो कन्येच्या पिशवीत अजून चालू होता, तो वाजला. चौथी ‘अ’च्या बाईंनी पुसले, “आजी, मंगळवारचं पक्कं ना?” कन्येने आजी नाहीत हे सांगितले. बाई हळू म्हणाल्या की, राहू द्या मग, मुलांना मी समजावते. कन्येपुढे मातोश्रींची वही उघडी होती. तीत त्याच मंगळवारावर लिहिले होते, ‘चौथी अ. एकतीस जण. मुळे काढणे.’ कन्येच्या मुखातून शब्द गेला, “नाही, या तुम्ही.” गेलेला शब्द मागे घेण्याची तजवीज त्या फोनात नव्हती.

मग कन्येने वहीचा अभ्यास केला. पहिलेच कलम वाचोन तिने वही मिटिली आणि पुन्हा उघडिली. कलम ऐसे: ‘सुरुवात गांडुळाने. आधी आपल्या हातावर. मग मुलांच्या.’ कन्येने सारासार विचार करोन स्वयंपाकघरातील लांब चिमटा घेतला, आणि पदरी एक शस्त्र असावे म्हणोन पिशवीत घातला.

मंगळवारी साडेनवाचे अंमली फौज दाखल जाहली. अग्रभागी मॉनिटर नामे सेनानी, वय वर्षे नऊ, दोन वेण्या, छातीवर बिल्ला, गळ्यात शिट्टी. तिचा दरारा ऐसा की, खुद्द बाईही रांगेत चालत होत्या. पाठोपाठ तीस जण, पाण्याच्या बाटल्यांचा खणखणाट, आणि एकाचा डबा फाटकापाशीच उघडोन खलास. बाईंनी कन्येकडे निरखोन पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्हीच ना त्यांची मुलगी? नाक तेच आहे.” कोपऱ्यात चेअरमनसाहेब मोजमापाची टेप घेवोन उभे होते, आणि एका गाडीस किती फूट लागतात याचा अदमास घेत होते.

कन्येने बाथटबावरील ओले गोणपाट दूर केले, श्वास रोखिला, आणि चिमट्याने एक गांडूळ उचलिले. फौजेत कुजबुज सुरू जाहली.

“चिमटा कशाला?”

“आजी हातात घ्यायच्या. माझी ताई आली होती ना मागे, ती म्हणाली.”

“त्याला लागतंय बघा. सोडा ना त्याला.”

कन्येने चिमटा सैल केला, गांडूळ निसटले, आणि मुख्य कोंबडी, जी आजवर राजनिष्ठ म्हणोन मशहूर होती, तिने धाव घेवोन ते सर्वांदेखत गिळिले.

आणि मग काय वर्णावे. पाच जण रडू लागले, सात जण कोंबडीचा जयजयकार करू लागले, चौघे कोंबडीस कैद करावयास धावले, कोंबडी पालकाच्या वाफ्यात शिरली, आणि चौघेही शिरले, बाईंचा एक बूट चिखलात रुतोन राहिला आणि बाई पुढे गेल्या. मुलुखात कोणाचाच हुकूम चालेना. चेअरमनसाहेबांनी खेदाने मान हलविली आणि “आजींची गोष्ट वेगळी होती हो, ताई” ऐसे म्हणोन टेप आणखी दोन हात लांबविली.

ते समयी बाईंनी एका पायावर उभे राहोन अखेरचा डाव टाकिला. त्यांनी फर्माविले की, मॉनिटर, तू ये पुढे, तू हातात घे, म्हणजे बाकीचे ऐकतील.

मॉनिटर दोन पावले मागे सरली.

“मी नाही, मिस. मला काम आहे. मी लाइन बघतेय.”

लाइन तर कोठेच नव्हती. चहूकडे चौथी ‘अ’ विखुरली होती. परंतु मॉनिटर रिकाम्या जागेकडे करडी नजर लावोन उभी होती, आणि शिट्टी तिने मुठीत ऐसी आवळिली होती की बोटे पांढरी पडली होती. कन्येने ते शब्द ऐकिले आणि ती जागच्या जागी थबकली. ते वाक्य तिच्या ओळखीचे होते. अकरा वर्षे तिने ते वापरोन वापरोन गुळगुळीत केले होते.

मग तिने चिमटा पिशवीत टाकिला आणि ती मॉनिटरशेजारी मातीत बसली.

“भीती वाटते?”

“नाही. काम आहे.”

“मला वाटते,” कन्या म्हणाली. “लहानपणापासून. आत्ताही वाटतेय.”

मॉनिटरने तिच्याकडे संशयाने पाहिले. “मग तुम्ही इथे कशाला आलात?”

“बघू या म्हटलं, जमतं का.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर ते साहेब इथे गाडी लावणार.”

मॉनिटरने चेअरमनांकडे पाहिले, टेपेकडे पाहिले, आणि बराच विचार करोन हुकूम दिला की, आधी तुम्ही.

कन्येने बाथटबात उजवा हात घातला. माती थंड होती, आणि खोल गेल्यावर किंचित ऊब होती, आणि त्या उबेत काहीतरी हलले. तिच्या मुखातून जो ध्वनी निघाला तो लिहिण्याजोगा नाही. परंतु हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक गांडूळ होते, ओल्या दोऱ्याएवढ्या वजनाचे. ते जरा थांबले, आणि मग दोन बोटांच्या फटीत डोके खुपसू लागले. उजेडापासोन लपावयास जागा शोधीत होते बिचारे. तेही भीत होते, ही गोष्ट कन्येस त्या घटकेपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

“चावतं?” मॉनिटरने पुसले.

“दातच नाहीत त्याला. वहीत लिहिलंय.”

मॉनिटरने डोळे मिटोन एक बोट पुढे केले आणि टेकविले. मग एक डोळा उघडिला. मग दुसरा. आणि मग ती उठली आणि तिने ऐसी शिट्टी फुंकिली की लॉन्ड्रीवाला इस्त्री सोडोन धावत आला. पालकातले चौघे बाहेर आले, रडणारे रडावयाचे थांबले, आणि बाथटबाभोवती एकतीस जणांचा वेढा पडला. प्रत्येकाच्या तळहाती गांडूळ आले आणि प्रत्येकाने ते मानाने परत केले. मग फौजेने ठराव केला की, हजर असलेल्या कोणासही सूट नाही. बाईंनी घेतले, लॉन्ड्रीवाल्याने घेतले. चेअरमनसाहेब “अहो, माझं काय काम यात” म्हणत राहिले, आणि मॉनिटर त्यांजपुढे जावोन उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. तेव्हा साहेबांनी टेप खिशात घातली, कारण गांडूळ घ्यावयास त्यांस दोन्ही हात लागले.

मग मुळ्यांवर हल्ला जाहला. पाला धरावा, हळू हलवावे, आणि सरळ वर ओढावे, ऐसी वहीतील युद्धनीती कन्येने वाचोन दाखविली, आणि ती कोणी पाळिली नाही. काही मुळे अर्ध्यात मोडले, एकास दोन पाय निघाले म्हणोन त्यास पाहावयास गर्दी उसळली, एक मुळा तिघांनी मिळोन ओढिला आणि तो निघाला तेव्हा तिघेही उताणे पडले. नळावर धुवोन सर्वांनी मुळे खाल्ले, आणि तिखट लागताच तोंडे वाकडी केली, आणि आणखी मागितले.

“हे कोणी लावले होते?” कोणीतरी पुसले.

“तिसरी ‘ब’ने,” कन्या म्हणाली. “आणि माझ्या आईने.”

मग फौजेने पुढल्यांसाठी पेरणी केली. बी फार दाट पडले, परंतु कन्येने कोणास टोकले नाही. चेअरमनसाहेब पोशाखावरील माती झटकीत फाटकाशी आले.

“पुढच्या मंगळवारी कोण?” त्यांनी पुसले.

“दुसरी क.”

“लहान आहेत जरा. नळाला पायरी करून घेऊ.” इतकाच नवा तह जाहला, आणि तो पुरेसा होता.

निघताना मॉनिटर रांग सोडोन मागे आली, ही तिच्या कारकिर्दीतील पहिलीच कसूर.

“तुमच्या आईला माहीत होतं? तुम्हाला भीती वाटते ते?”

“नाही. काम आहे म्हणायचे.”

“मी आज घरी गेल्या गेल्या सांगणार,” मॉनिटर म्हणाली. “भीती वाटली ते पण, आणि हात लावला ते पण.” आणि शिट्टी वाजवीत गेली.

येणेप्रमाणे चौथी ‘अ’ने गांडूळआजींच्या मुलुखात फत्ते केली. मुळ्यांचे तीन वाफे सर जाहले, गांडूळ एक कामी आले, बाईंचा बूट सापडला, पालक जबर जखमी परंतु जगेल, कोंबडीस माफी देण्यात आली, आणि शेत राहिले. सर्व मजकूर खरा आहे.

फौज दृष्टीआड जाहल्यावर कन्येने बाथटबावर पाणी शिंपडले आणि गोणपाट जागच्या जागी अंथरले. लॉन्ड्रीची वाफ भिंतीवरोन येत होती. कोंबड्या पायाशी होत्या, आणि त्यांस इकडच्या वार्ता तिकडे पोचविण्याची सवय होती, म्हणोन ती त्यांच्यादेखत, मोठ्याने, आणि माती लागलेला हात न धुता बोलली:

“आई, कमीपणा नव्हता गं. तुझं शेत मला पहिल्यापासून आवडायचं. काम पण काही नसायचं. मला गांडुळांची भीती वाटायची.”