पाणी पिणारे चेहरे

दिवाकरभाऊ गल्लीत दिसला, की आमच्या सावली गावातली म्हातारी माणसं हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवतात. घशाला कोरड पडली असली तरी तो पुढे जाईपर्यंत कुणी घोट घेत नाही.

तो आमचा शेजारी. लग्नांचे व्हिडिओ काढतो, त्यावर त्याचं आणि त्याच्या आईचं भागायचं. उरलेल्या वेळात तो माणसं पाणी पिताना काढतो. बाकी काही नाही, नुसतं पाणी पिताना. "हासू नोका, बोलू नोका," तो बजावतो, "तहान लागल्यासारखं पेवा." मग तो व्हिडिओ इतका संथ करतो, की एक घोट गळ्यातून उतरताना बघणाराच दमतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याने बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात हे सगळं मांडलं. चार बाजूंना चार पांढऱ्या चादरी, प्रत्येकीवर पाणी पिणारा चेहरा, आणि मध्ये पाण्याने भरलेली घमेली. बघणाऱ्याने चपला काढून घमेल्यात उभं राहायचं. याला इन्स्टॉलेशन म्हणतात, असं तो दारात प्रत्येकाला सांगत होता. मला मुद्दाम बोलावलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तेव्हा मला तरी हे कळेल असा त्याचा हिशेब. मी चपला काढून घमेल्यात उभी राहिले. लोक आले, घमेल्यात पाय धुऊन बाहेर पडले. एका बाईने पोरांचेही धुऊन घेतले. एका गुरुजींनी गाणी कधी लागतात म्हणून विचारलं.

तेवढ्यात एका चादरीवरचा चेहरा बदलला आणि किसनभाऊ आले. ते दिवाळीतच वारले होते. त्यांची बायको पुढे झाली. "पाहा ना," ती म्हणाली, "माहा बुडा पानी पेऊन राह्यला." आणि तिथेच खाली बसली.

त्या संध्याकाळी गावाने आठवून पाहिलं. दिवाकरभाऊने काढलेल्यांपैकी आणखी दोघं-तिघं गेलेले निघाले. त्याला काढायला म्हातारी माणसंच आवडायची, हे कुणी लक्षात घेतलं नाही. तेव्हापासून गिलास खाली ठेवणं सुरू झालं.

त्याची आई, जिला आम्ही आजी म्हणायचो, मात्र आधीपासूनच तयार नव्हती. कॅमेरा दिसला की आजी पदराआड पाणी प्यायची. "मेल्यावर चादरीवर पानी पाजशीन," ती म्हणायची, "आता जित्ती हावो त चहा मांड." तो चहा मांडायचा.

एकदा मी विचारलं, पाणीच का? तो लेन्स पुसत होता. पुसता पुसताच त्याने सांगितलं. वडिलांना पोटाच्या दुखण्याने जीपमधून चंद्रपूरला नेत होते. डॉक्टरने पाणी द्यायचं नाही म्हटलं होतं. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत वडील पाणी मागत होते, बाटली ह्याच्या मांडीवर. मूलच्या पुढे त्यांनी मागणं थांबवलं.

"मरनाऱ्याच्या तोंडात दोन थेंब त कोनीबी घालते," तो म्हणाला. "मी झाकन घट्ट धरून बसलो होतो." मग लेन्स कॅमेऱ्याला लावत म्हणाला, "मायले मीच पाजीन."

म्हणून आजीने खाट धरल्यावर त्याने बाहेरगावची लग्नं घेणं सोडलं. दिवसभर तिच्या उशाशी बसायचा. आजी वैतागायची. "माह्या मरनाची राखन करून राह्यला हा," असं ती माझ्या आईला ऐकवायची. मग एकदा तिला जरा बरं वाटलं, तिने पेज मागून घेतली, आणि तिनेच त्याला वरोऱ्याच्या लग्नाला हाकललं.

त्याच दुपारी तिला घरघर लागली. माझ्या आईने तिचं डोकं धरलं आणि चमचा माझ्या हातात दिला. मी तुळशीचं पान घालून पाणी तोंडात सोडलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर उतरलं. पुन्हा सोडलं. तेही उतरलं.

तो आला तेव्हा त्याच्या केसांत अक्षता होत्या. बाहेर माणसं तिरडी बांधत होती. तो आत आजीजवळ बसला, तिच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, मग उठून मला मागच्या अंगणात बोलावलं.

"तू होती ना जवळ?"

मी मान हलवली.

"पेली काय?"

"हो."

"गळा हालला?"

"हो," मी म्हणाले.

त्याने माठातून लोटा भरला आणि माझ्यासमोर धरला. "कशी पेली, दाखव."

कॅमेऱ्याची बॅग खांद्यालाच होती. त्याने ती उघडली नाही. मी लोटा तोंडाला लावला. तो माझ्या गळ्याकडे बघत होता.

"हळू," तो म्हणाला. "माय एवढ्या घाईनं नाई पेत."