किंचित ओलसर

ब्रिटन हे चारही बाजूंनी समुद्राने वेढलेले राष्ट्र आहे, आणि या राष्ट्राने एके काळी जगातल्या बहुतेक समुद्रांवर हुकूम चालवला. अर्ध्या जगाला वेळ पाळायला, रांगेत उभे राहायला आणि फायलीला फीत बांधायला शिकवले ते याच बेटाने. इथला माणूस लाटेला घाबरत नाही, असे इथल्या प्रत्येक शाळेत शिकवले जाते. अशा या राष्ट्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आमच्या लोअर मम्फर्ड गावात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मिस्टर क्लेमंट ऑर्मरॉड यांचा डावा पाय धक्क्याच्या उतारावर एका लोखंडी कडीत अडकला आणि भरती सुरू झाली.

पाय अडकला तो निव्वळ सौजन्यापोटी. धक्क्याचा उतार अरुंद आहे. ऑर्मरॉड खाली चालले होते, समोरून मिसेस हिल्डा प्रॉबर्ट कुत्र्याला घेऊन वर येत होत्या.

"आधी तुम्ही," ऑर्मरॉड म्हणाले.

"छे, छे, आधी तुम्ही."

"असं कसं? तुमच्याबरोबर कुत्रा आहे."

"त्याला कुठे घाई आहे?"

असे पाच वेळा झाल्यावर ऑर्मरॉड बाजूला सरकले. इतके सरकले, की होड्या बांधायच्या जुन्या कडीत त्यांचे पाऊल घोट्यापर्यंत गेले. ते "माफ करा" म्हणाले. कडीला.

मिसेस प्रॉबर्ट यांनी सगळे पाहिले. पण एखाद्या सभ्य गृहस्थाला "अहो, तुमचा पाय अडकलाय का?" असे तोंडावर विचारायचे, म्हणजे त्याला पाय नीट टाकता येत नाही असे सुचवण्यासारखे. शिवाय त्यांची ओळख अवघी एकोणीस वर्षांची. त्या म्हणाल्या, "हवा छान आहे आज."

"ढग येतील म्हणतात," ऑर्मरॉड म्हणाले. पाणी त्यांच्या बुटाच्या तळव्याला लागले होते.

मिसेस प्रॉबर्ट घरी गेल्या, पण त्यांना चैन पडेना. जीवरक्षक नौकेला फोन लावावा, असेही त्यांच्या मनात आले. पण ती नौका खरोखर गरज असलेल्यांसाठी आहे, हे त्यांना गेली अठरा वर्षे दर शनिवारी बाजारात कोण सांगत आले होते? त्या नौकेसाठी देणग्यांचा डबा घेऊन उभे राहणारे मिस्टर ऑर्मरॉडच. त्यांच्याचसाठी नौका बोलावली, तर त्यांना पुन्हा बाजारात तोंड दाखवता आले नसते. म्हणून मिसेस प्रॉबर्ट साडेअकराला ग्राममंडळाच्या कचेरीत आल्या.

कचेरीत आम्ही किनारा व बाके उपसमितीचे सभासद बसलोच होतो; मिसेस प्रॉबर्टही आमच्यातल्याच. अध्यक्ष मिस्टर रुपर्ट टॅपस्कॉट हे निवृत्त भूमापक. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांनी मदत मागितली का?"

"नाही."

"मग बाई, आपण कोण त्यांना वाचवणारे?"

यामागे इतिहास होता. आदल्या वर्षी याच समितीने एका गृहस्थाला समुद्रातून बाहेर काढले. तो पोहत होता. त्याला काढले, तो परत गेला, पुन्हा काढले. तिसऱ्यांदा काढल्यावर त्याने लेखी तक्रार केली. तेव्हापासून नियम झाला, की बुडणाऱ्याने विहित नमुन्यात विनंती केल्याशिवाय कोणीही कोणाला वाचवू नये. नमुना क्रमांक नऊ. दोन प्रतींत.

आम्ही नमुना घेऊन धक्क्यावर गेलो, तेव्हा पाणी ऑर्मरॉड यांच्या गुडघ्यांना आले होते. नमुना त्यांच्यापर्यंत पोचवायला टॅपस्कॉट स्वतः पँट दुमडून पाण्यात उतरले. त्यांच्या शेजारी उभे राहिले. पेन दिले. लिहायला आधार म्हणून आपली पाठही दिली. मग भरलेला नमुना घेऊन ते परत वर आले. एवढ्या जवळ गेलाच होतात तर माणसाला ओढून का नाही आणलेत, असे कोणी विचारील. नमुना मंजूर व्हायचा होता.

नमुन्यात ऑर्मरॉड यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'अडचणीचे स्वरूप: किंचित ओलसर. तीव्रता: किरकोळ. इतर काही सांगायचे असल्यास: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.'

इथेच सगळे बिघडले. या बेटावरचा माणूस आपल्या दुःखाला कधी पुरे माप देत नाही. गेल्या हिवाळ्यात चर्चचा कळस कोसळून आमच्या पोस्टमास्तरांच्या मोटारीवर पडला. मोटारीत पोस्टमास्तर होते. इस्पितळातून त्यांनी विमा कंपनीला पत्र धाडले, 'काल जरा वारा होता.' आम्ही सगळे याच मातीतले, त्यामुळे 'किंचित ओलसर' म्हणजे काय ते आम्हांला लख्ख कळले. पण नमुन्याला कसे कळणार? किरकोळ तीव्रतेच्या अर्जावर दहा कामकाजी दिवसांत निर्णय घ्यायचा असतो, आणि मध्ये सार्वजनिक सुट्टी येत होती.

"त्यांना तीव्रता वाढवायला सांगू," मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या.

"सांगता येणार नाही. सुचवता येईल," टॅपस्कॉट म्हणाले.

दीड वाजता टॅपस्कॉट कठड्यावरून ओरडले. ओरडण्याआधी त्यांनी ओरडण्याबद्दल माफी मागितली.

"ऑर्मरॉडसाहेब! आता कसं वाटतंय?"

"वाईट नाही!" पाणी कमरेला होते.

"गंभीर म्हणता येईल का? निदान मध्यम तरी?"

ऑर्मरॉड यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मध्यम म्हणजे जरा कांगावा होईल हो. लोकांना याहून मोठाली दुःखं असतात. आमच्या मेहुण्याचा गुडघा बघा."

आम्ही सर्वांनी मेहुण्याच्या गुडघ्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

एव्हाना उतारावर रांग लागली होती. ही रांग कशाची, ते शेवटच्या माणसाला ठाऊक नव्हते, पण आपल्या पुढे वीस माणसे आहेत म्हणजे काहीतरी असणारच, या विश्वासाने तो उभा होता. रांगेतून चहाही आला. मदतीला उशीर झाला असेल, पण चहाला उशीर झाला असे या गावात कोणी म्हणू शकणार नाही. मिसेस प्रॉबर्ट यांनी छातीइतक्या पाण्यात जाऊन ऑर्मरॉड यांच्या हातात कप दिला.

"साखर एकच ना?"

"एकच. तुम्ही उगाच भिजलात."

"छे हो. मला तसंही कपडे धुवायचेच होते."

तेवढ्यात रांग मोडून एथल स्नेलिंग पुढे घुसली. ती मासे विकते आणि आवाज चढवते, त्यामुळे गावात तिची थोडी धास्ती आहे.

"अरे, तुम्ही माणसं आहात का खुंट?" ती कडाडली. "त्या म्हाताऱ्याचा जीव चाललाय आणि तुम्ही त्याला चहा पाजताय! व्हा बाजूला, मी काढते त्याला!"

"स्नेलिंगबाई," टॅपस्कॉट नम्रपणे म्हणाले, "आपण मूळच्या अपर मम्फर्डच्या."

"अठ्ठावीस वर्षं झाली मला इथं येऊन!"

"तेच म्हणतोय. नव्या आहात. नागरिकांच्या प्रश्नांसाठी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तीन मिनिटं राखून ठेवलेली असतात."

"गुरुवारपर्यंत तो मासा होईल, मुडद्यांनो!"

हा शब्द सभेच्या वृत्तांतात घेतलेला नाही. एथल पाण्याच्या कडेपर्यंत पोचलीसुद्धा होती, पण तिथे खुद्द ऑर्मरॉड यांनीच तिला हात करून थांबवले. "राहू द्या, बाई," ते म्हणाले. "रांगेत तुमच्या पुढे माणसं आहेत." अठ्ठावीस वर्षांत तिच्याही अंगात हे गाव थोडे भिनले असावे. ती पाय आपटत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तीन वाजता पाणी खांद्यांना आले. आता समितीला कठोर निर्णय घेणे भाग होते. टॅपस्कॉट यांनी ठराव मांडला, की अर्जदाराच्या सौम्य स्वभावाचा विचार करून 'किरकोळ' हा शब्द 'गंभीर' असा वाचावा. मिसेस प्रॉबर्ट यांनी अनुमोदन दिले. तिसऱ्या सभासदाने, म्हणजे मीच, मुद्दा काढला, की माणसाने लिहिले एक आणि आपण वाचायचे दुसरे, हा त्याच्या सहीचा अपमान नव्हे काय? मुद्दा सर्वांना पटला. मला स्वतःला तो फारसा पटला नव्हता, पण मांडून झाला होता. ठराव अर्जदाराच्या संमतीसाठी पाठवण्यात आला.

चार वाजता पाणी हनुवटीला आले. ऑर्मरॉड यांनी मान मागे टाकली होती आणि टोपी जिथल्या तिथे होती. टॅपस्कॉट यांनी ठराव मोठ्याने वाचून दाखवला.

"संमती आहे का?"

ऑर्मरॉड काहीतरी म्हणाले. त्याच क्षणी लाट आली आणि शब्द पाण्यात गेले. ते "हो" होते की "नको", यावर समितीत दोन तट पडले. मिसेस प्रॉबर्ट रडायला लागल्या आणि रडण्याबद्दल माफी मागू लागल्या. रांगेतली माणसे टोप्या काढून समुद्राकडे बघत राहिली. तिथे फक्त एक टोपी आणि एक नाक दिसत होते. ते नाक दिसेनासे झाले, पुन्हा दिसले, पुन्हा दिसेनासे झाले. मी घड्याळात पाहिले. चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

मग नाक दिसत राहिले. थोड्या वेळाने मिशीही दिसली. भरती वळली होती.

पाच वाजता कॉलर बाहेर आली, तेव्हा धक्क्यावर टाळ्या झाल्या, अर्थात बेताच्या. टॅपस्कॉट यांचे डोळे भरून आले. समितीने जागच्या जागी तीन ठराव एकमताने संमत केले: बचावकार्य यशस्वी झाल्याबद्दल समितीचे अभिनंदन, संयमाबद्दल नागरिकांचे आभार, आणि सदर कार्यपद्धती शेजारच्या गावांनीही स्वीकारावी अशी शिफारस. पुढची भरती पहाटे पावणेपाचला आहे, हे एथलने मागून ओरडून सांगितले. तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

तुम्ही हसत असाल. दिवसभरात आमच्यातल्या एकानेही त्या माणसाला विचारले नाही, की बाबा रे, तुला नक्की हवंय तरी काय? पायाचा विषय खासगी, आणि नमुन्यात तसा रकाना नाही. पण तुम्हीही इथवर वाचत आलातच की. पाणी गुडघ्याला होते, कमरेला होते, हनुवटीला होते, आणि तुम्ही पुढे काय होते ते बघत, अगदी शिस्तीत, एकेक ओळ करत सरकत होतात. रांगेत एथलच्या मागे जागा आहे. या.

रात्री दहा वाजता पाणी पुन्हा घोट्यापर्यंत उतरले. आम्ही अभिनंदन करायला उतारावरून खाली गेलो. ऑर्मरॉड थरथरत होते, डावा पाय अजून कडीतच होता, पण हस्तांदोलन त्यांनी पुरे केले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्हां सर्वांना आधीच फार त्रास दिला. मघापासून एक विचारायचं होतं, पण सभा चालू होती, मध्ये कसं बोलायचं? गैरसोय होणार नसेल तरच हं."

"बोला, बोला, ऑर्मरॉडसाहेब."

"कोणाकडे साबणाची वडी असेल का? वापरलेली चालेल."