हंगेरियन ओढीचा डबा

विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाबरोबर त्या देशाची ओढही दिली जाते. नुसत्या व्याकरणाने भाषा येत नाही, तिथल्या एखाद्या घराची आठवण छळावी लागते, असं अभ्यासक्रमातच लिहिलं आहे. ओढ पत्र्याच्या डब्यात असते. डबा उघडून दोन मिनिटं नाकाशी धरला की ती अंगात उतरते. परीक्षा झाली की तशीच परत डब्यात. एका माणसात दोन ओढी राहत नाहीत, म्हणून विद्यार्थ्याची स्वतःची ओढ तेवढे दिवस दुसऱ्या डब्यात, नावाची चिठ्ठी लावून ठेवतात.

हे डबे दत्तोबा खिलारे सांभाळत. चौथीपर्यंत शिकलेले, कमी बोलणारे म्हातारे शिपाई. निवृत्त झाल्यावरही विभागाने त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण त्यांच्या हातून आजवर एकही डबा सांडला नव्हता.

जर्मनच्या आणि जपानीच्या डब्यांना सदा मागणी. हंगेरियनला मात्र दोन-दोन वर्षं कोणी येत नसे. आणि ओढ कोणाच्या अंगी लागली नाही तर सुकून जाते. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दत्तोबा ती स्वतः घेत, बियाणं जुनं होऊ नये म्हणून पेरावं तशी. मग दोन महिने त्यांना एका संथ नदीकाठचं गाव आठवत राही. जर्दाळूचं झाड, भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा, पिश्टा नावाचा नावाडी. मिरच्यांमुळे ते गाव त्यांना फारसं परकं वाटलं नाही.

त्या दिवसांत स्वतःची ओढ ते रिकाम्या झालेल्या हंगेरियनच्याच डब्यात ठेवत. चिठ्ठी लावत नसत. ती ओढ त्यांच्या बायकोची होती. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचं नाव त्यांनी जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं, मग चिठ्ठीवर लिहायचं कसं?

त्या वर्षी प्रवेश आठवडाभर आधी सुरू झाले. दत्तोबा पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. वृषाली डोईफोडे नावाची परभणीकडची मुलगी हंगेरियनला आली. कारकुनाने डब्यावरचं नाव वाचलं, सही घेतली आणि डबा दिला.

दत्तोबा परतले तेव्हा फळीवर मोकळी जागा होती. ते विभागप्रमुख नगरकर मॅडमकडे गेले. मॅडमनी वही मागवून पाहिली. वस्तू हंगेरियन म्हणून बाहेर गेली आहे, त्यामुळे परीक्षा होईपर्यंत ती हंगेरियनच धरली जाईल, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"मॅडम, ती माझी मंडळी आहे," दत्तोबा म्हणाले.

मॅडमनी नियमांची फाईल पहिल्या पानापासून चाळली. "मंडळींबद्दल यात काही म्हटलेलं नाही, दत्तोबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

घरी भिंतीवर फोटो होता. दत्तोबा रोज त्याच्यासमोर उभे राहत. लग्न कोणत्या साली झालं, ती कोणत्या दवाखान्यात गेली, सगळं त्यांना ठाऊक होतं, रेशनकार्डावर वाचावं तसं. आणि भाकरी मोडताना डोळ्यांत पाणी यायचं ते पिश्टासाठी. त्यांना लाज वाटे. मूलबाळ नव्हतं. तिच्यासाठी झुरणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि आता तेही नव्हतं.

नोव्हेंबरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वृषालीला घराविषयी बोलायला सांगितलं. ती हंगेरियनमध्ये सारवलेल्या ओसरीविषयी, विहिरीच्या रहाटाविषयी बोलली, आणि मध्येच थांबून रडली. परीक्षकांनी चाळीसपैकी अडतीस गुण दिले. शेरा लिहिला की इतकी खरी ओढ आपण पाहिलेली नाही, मात्र गाव हंगेरीच्या कोणत्या भागातलं ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डबा परत करायला आली. ओढ त्यात उतरवली होती, झाकणही घट्ट लावलं होतं, पण डबा काही हातातून सुटेना.

"मामा, ही तुमची ना?"

दत्तोबांनी मान हलवली.

"अनुसयाबाई सगळीकडे पाठमोऱ्याच आहेत हो. चुलीपाशी, विहिरीवर, भारा बांधताना. चार महिने वाट बघितली, वळतील म्हणून."

जे नाव दत्तोबांनी फक्त मनात घेतलं होतं, ते पोरीने सरळ उच्चारलं. त्यांनी फळीवरची मोकळी जागा हाताने पुसली. मग म्हणाले, "आमच्यात समोरासमोर बसायची रीत नव्हती, बाई."

"एकदा वळतात. तुम्ही पहिल्यांदा इकडे नोकरीला निघालात तेव्हा, एसटीच्या खिडकीखाली. पण तेवढ्यात गाडी सुटते."

"हसती का?"

"कळत नाही, मामा. गाडी सुटते."

दत्तोबांनी नदीकाठचं गाव एका कोऱ्या डब्यात उतरवलं. मग आपला डबा दोन मिनिटं नाकाशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. त्यानंतर वहीत 'स्थिती चांगली' असं लिहून वृषालीची सही घेतली.

दुसऱ्या सत्रासाठी वृषालीला खरी हंगेरियन ओढ मिळाली. महिन्याभराने ती पुन्हा आली. नदी छान आहे, म्हणाली, पिश्टाही चांगला माणूस आहे, तक्रार काहीच नाही. पण शनिवारी पंधरा मिनिटं ते दुसरं मिळेल का? दत्तोबांनी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि स्वतःच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. मॅडमनी तो 'पूरक वाचन' या सदराखाली मंजूर केला.

तेव्हापासून दर शनिवारी साडेतीन वाजता वृषाली आपली नदी बाजूच्या डब्यात ठेवते आणि दत्तोबांचा डबा उघडते. दत्तोबा समोर स्टुलावर बसतात. तेवढा वेळ त्यांना कोणाचीच आठवण येत नाही. ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. गाडी सुटायची वेळ आली की तो चेहरा किंचित पुढे होतो.

"आज?" ते विचारतात.

"थोडं जास्त दिसलं," ती म्हणते.

दत्तोबा वहीत वेळ लिहितात.