दुसऱ्या नळीतलं धुकं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुमनआक्का लोणचं काढायचा चमचा आधी गॅसवर लाल होईपर्यंत धरतात. मग तो गार होऊ देतात, बरणीचं झाकण किलकिलं करतात आणि फोड उचलतात. तेवढा वेळ समोरच्यानं तोंड मिटून बसायचं. ‘उघड्या झाकणावर बोलू नये रं,’ हा त्या घरातला कायदा. दह्याच्या भांड्यावर तारीख लिहिलेली असते, तीही तळाला. झाकणांवर आक्कांचा विश्वास नाही, झाकणं बदलतात.

निपाणीची ही बाई बेळगावच्या एका कॉलेजात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. स्वच्छतेवर बोलून दमलेल्या प्रमुख पाहुण्यांनी अभिनंदनासाठी हात पुढं केला. आक्कांनी पर्समधून झाकणाची काचेची बशी काढली आणि आतल्या जेलीसारख्या अगरवर त्यांचा अंगठा टेकवून घेतला. दोन दिवस उबेला ठेवलेली ती बशी मग प्राचार्यांच्या टेबलावर आली. अंगठ्याच्या आकारात जंतूंचे पिवळे-पांढरे ठिपके दाटून उगवले होते. तळाला पाहुण्यांचं नाव होतं.

‘साहेबांचं कार्य लई वाढलंय,’ आक्का म्हणाल्या.

भेट म्हणून त्यांनी मोडीत निघालेला एक सूक्ष्मदर्शक मागून घेतला. दोन नळ्यांचा. एकीतून शिक्षकानं बघायचं, दुसरीतून विद्यार्थ्यानं. तेच, आणि त्याच वेळी. घरी दुसऱ्या नळीवर त्यांचे यजमान बसत. वकील होते. जाड भिंगांचा चष्मा काढून ठेवत आणि डबक्याच्या पाण्यातला प्रत्येक जीव कोर्टातला कुणीतरी ठरवत. ‘हा बघ, तारीख मागायला निघाला.’

वकील गेले. आता रविवारी सकाळी तिथं मी बसतो. मला नुसतं धुकं दिसतं. नळीवरची कडी फिरवली की ती बघणाऱ्याच्या डोळ्याला जुळते. पण पहिल्याच रविवारी मी कडीला हात लावला, तर चापट बसली.

‘ते वकिलांच्या डोळ्याला लावलंय. हलवायचं न्हाय.’

तेव्हापासून मी धुक्याकडं बघून ‘वा!’ म्हणतो. समारंभांना बसायची सवय असल्यानं जमतं.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, ‘काय दिसतंय, सांग.’

‘लई गर्दी आहे आक्का. पळताहेत नुसते.’

‘पळताहेत?’

‘एक तर वळून परत आला.’

आक्कांनी मान वर केली. ‘अरे, दही हाय ते. काचेवर वाळवलंय, आचेवर धरलंय, जांभळं रंगवलंय. मेलेत सगळे!’

आधी त्या खूप हसल्या. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

‘म्हणजे इतके दिवस मी एकटीच बघत होते व्हय रं?’

त्या उठल्या. नमुन्यांच्या काचांच्या कडा बंद करायला ठेवलेली लाल नेलपॉलिश आणली, कडीवरून नळीवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढली आणि चक्क फुंकर घालून वाळवली. वकिलांची जागा, पुन्हा जुळवता यावी म्हणून.

‘हं. फिरव.’

मी फिरवली. रेघेचे दोन तुकडे झाले आणि धुकं विरलं. जांभळ्या काड्या. मण्यांच्या माळा.

‘दिसलं?’

‘व्हय.’

‘मग बोल की. वकील गप बसत नव्हते.’

‘हा मधोमध आडवा पडलाय, तो... सत्काराचा पाहुणा.’

आक्कांनी आपल्या नळीला डोळा लावला.

‘आणि ती माळ बघ त्याच्यापुढची,’ त्या म्हणाल्या. ‘भाषण ऐकणारे.’