शेवटची वीस सेकंदं

टिल्लूने सकाळी दात घासता घासता कानात हेडफोन घातले आणि आपल्या बँडचं पहिलं गाणं तिसऱ्यांदा लावलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणाऱ्या या सहा फुटी, पस्तिशीच्या माणसाला घरात अजून टिल्लूच म्हणत. 'आत येऊ नये' हे त्याच्या अल्टरनेटिव्ह रॉक बँडचं नाव. बँडमध्ये माणसं तीन. गाणारा आणि गिटार वाजवणारा टिल्लू, बेस गिटारवर त्याची थोरली ताई, आणि ड्रमवर ताईचा नवरा, म्हणजे दाजी. आठ वर्षं गच्चीवरच्या खोलीत शेजाऱ्यांची बोलणी खाऊन पहिला आल्बम तयार झाला होता. तो पुढच्या महिन्यात यायचा होता. त्याआधी तीन गाणी सुटी, सिंगल म्हणून. पहिलं, 'लिफ्ट बंद आहे', आजच नेटवर आलं होतं.

आधीच्या दोन्ही वेळा शेवटचा सूर लागताच त्याने गाणं परत पहिल्यापासून लावलं होतं. या वेळी एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात तांब्या होता. गिटारचा सूर विरत गेला आणि त्यामागून त्याचाच आवाज आला, "ताई, दाजींना काढायला हवं. ड्रम वाजवतात की दाढ उपटतात, कळत नाही."

मग ताईचा आवाज, "खरंय रे तुझं."

टिल्लूने तोंडातला फेस गिळला. दाजी दातांचे डॉक्टर होते. टिल्लूच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल त्यांनी अर्धं करून ठेवलं होतं आणि उरलेलं आज अकरा वाजता व्हायचं होतं.

त्याने रेकॉर्डिस्टला फोन लावला. "अरे, गाण्याचं शेपूट कापायचं राहिलंय."

"राहिलं नाही, मुद्दाम ठेवलंय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मला वाटलं, अल्टरनेटिव्ह आहे."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता."

"काढतो की. पण नवीन फाइल दिसायला दोन दिवस लागतात."

ताईला सांगण्यात अर्थ नव्हता, तिच्या पोटात काही राहत नाही अशी टिल्लूची लहानपणापासून खात्री होती. त्याने सरळ दाजींनाच फोन करून आवाज शक्य तितका आजारी केला. "दाजी, आज जमेलसं वाटत नाही."

"का? तात्पुरतं भरलेलं सिमेंट किती दिवस टिकणार? आणि हो, गाणं मी अजून ऐकलं नाहीये. म्हटलं, तू खुर्चीत असलास की निवांत ऐकू."

तरीही तो गेला नसता. पण घाबरून त्याने टोस्टचा मोठा घास घेतला, सिमेंट निघून आलं, आणि कळ थेट कानापर्यंत गेली. अकराला पाच कमी असताना तो गाल धरून दवाखान्यात हजर होता. बाहेर काउंटरवर ताई पेशंटांच्या वेळा लिहीत होती. तिने मान न उचलताच आत बोट दाखवलं.

दाजींनी भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि एका हातात ड्रिल घेऊन दुसऱ्या हाताने फोनवर गाणं लावलं.

"आअं अंअ अआ," टिल्लू म्हणाला.

"गाणं बंद करू? का, छान तर झालंय." वीस वर्षं उघड्या तोंडांशी बोलून दाजींना सगळं कळत असे. "हलू नकोस."

टिल्लूने डोळे मिटून घेतले. शेवटचा सूर विरला. मग ती वीस सेकंदं, अगदी स्वच्छ ऐकू येणारी. ड्रिल थांबलं. खोलीत नुसती तोंडातलं पाणी ओढणारी नळी सुरसुरत राहिली.

 दाजींनी ड्रिल जागेवर ठेवलं, स्टूल ओढून बसले आणि मोठा सुस्कारा सोडला.

"सुटलो बाबा," ते म्हणाले. "दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता."

"आं?"

"दुसरं सिंगल. परवा रेकॉर्डिस्टने मला ऐकायला पाठवलं. तू कोमट पाणी प्यायला बाहेर गेला होतास बघ, तेव्हाचं माझं बोलणं आलंय शेवटी. मी म्हणालोय, याला काढून कुणीतरी सुरात गाणारा आणू या. त्या रेकॉर्डिस्टच्या हातापाया पडलो, पण फाइल आधीच पुढे गेलीय म्हणे, ते शुक्रवारी तसंच येणार आहे. तुला काय तोंड दाखवू, या विचारात होतो. आता फिटंफाट."

टिल्लूच्या छातीवरून जणू ड्रमचा आख्खा सेट उतरला. तो हसला, भुलीमुळे चेहऱ्याची डावी बाजूच तेवढी हसली. मग त्याला काहीतरी आठवलं. "आई आअ अआई?"

"ताई काय म्हणाली?" दाजींचाही चेहरा हळूहळू बदलला. "म्हणाली, 'खरंय हो तुमचं.'"

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. दारात ताई पुढच्या पेशंटचा कागद घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मग काय करायचं होतं मी?" ती शांतपणे म्हणाली. "आठ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना काढताय आणि मी दोघांनाही हो म्हणतेय. एकाला जरी नाही म्हटलं असतं ना, तर त्याच दिवशी भांडून मोकळे झाला असता. आल्बम असाच निघालाय."

 दाजींनी मास्क नीट केला. टिल्लूने हात पुढे केला, तो दाजींनी हातमोज्यासकट दाबला, आणि दोघांनाही फार बरं वाटलं. मग टिल्लू बोळ्यांमधून काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणतोय?" ताईने विचारलं.

"म्हणतोय, तिसऱ्या सिंगलच्या शेवटी कोण बोलतंय?"

ताईने कागद टेबलावर ठेवला, पर्समधून घाईघाईने फोन काढला आणि रेकॉर्डिस्टचा नंबर शोधत बाहेर गेली. जाताना तिने दार घट्ट लावून घेतलं.