खिडकी क्रमांक चारचे अश्रू

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास विमा कंपनीच्या शाखेत, खिडकी क्रमांक चारवर बसणाऱ्या कारकुनाच्या उजव्या डोळ्यातून एक थेंब निसटला, गालावरून ओघळत हनुवटीपर्यंत आला आणि टेबलावर पडला. खिडकीसमोर त्या वेळी एक बेकरीवाला उभा होता. तो भांडायला आला होता. तो भांडला नाही.

घटना एवढीच. पण माणसाला नकाराचं दुःख होत नाही, नकार देणाऱ्याच्या कोरडेपणाचं होतं, हे मोठं सत्य त्या सकाळी या शाखेत पहिल्यांदा सिद्ध झालं. म्हणून या घटनेची सविस्तर नोंद घेणं भाग आहे.

शाखेत सहा खिडक्या आहेत. पहिल्या दोन खिडक्यांवर हप्ते घेतात. तिसरीवर नुकसानभरपाईचे दावे घेतात. चौथीवर, पाचवीवर आणि सहावीवर ते नाकारून परत करतात. (हे प्रमाण कंपनीने दीर्घ अनुभवाने ठरवलं आहे.) कंपनीचे ग्राहक कोण, हे सांगायला नको. ज्याच्या कपाटात एक जाडजूड पॉलिसी आहे आणि जी घरात कुणीही वाचलेली नाही, तो कंपनीचा ग्राहक. म्हणजे तुम्ही.

खिडकी चारवरच्या कारकुनाला शाखेत सगळे ‘चार नंबर’ म्हणत. दाव्याचा निकाल पडद्यावर उमटायचा, तो बारीक अक्षरातला मजकूर चार नंबरने वाचायचा आणि समोरच्याला मोठ्याने सांगायचा. प्रशिक्षणात त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती: कारण सांगताना ग्राहकाच्या डोळ्यांत बघावं आणि पापणी लववू नये. पापणी लवली की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. चार नंबर कर्तव्यदक्ष होता. त्याने कामाच्या वेळेत पापणी लववणं जवळजवळ सोडूनच दिलं. शिवाय त्याच्या डोक्यावरच एसीची जाळी होती आणि तिचा झोत थेट तोंडावर यायचा. वर्षानुवर्षं असं बसल्यावर डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं. ते कोरडे पडले आणि लालभडक झाले.

या लालीचा प्रत्येकाने आपापल्या मगदुरानुसार अर्थ लावला. ग्राहकांना वाटायचं, बाबा पिऊन बसलाय. साहेबांना वाटायचं, माणूस मरमर काम करतोय; त्यामुळे त्याचा शेरा दर वर्षी चांगला यायचा. सासूला वाटायचं, जावई तापट आहे. खरं फक्त बायकोला ठाऊक होतं, कारण पापण्यांखाली कुणी वाळू भरल्यासारखं खुपतंय ही तक्रार रोज तीच ऐकत होती. ती शहरबस चालवायची. दिवसभर आरशात मागचं बघत असल्यामुळे तिच्यापासून काही लपत नसे.

उपाय झाले. औषधांच्या दुकानातून चार नंबरने आधी लाली घालवणारे थेंब आणले. थेंब टाकले की डोळे दोन तास पांढरेशुभ्र व्हायचे आणि नंतर आधीपेक्षा लाल. मग पुन्हा थेंब. (विम्याच्या हप्त्याचं तत्त्व हेच आहे. थांबलात की आधी भरलेलंही गेलं.) सहकाऱ्यांनी काकडीच्या चकत्यांपासून हिरव्या चष्म्यापर्यंत सगळं सुचवलं. पाचव्या खिडकीवरच्या ताईंनी, ज्यांच्या तोंडी लागायला साहेबही बिचकत, “डोळे मिटून घरी बसा, सगळ्यांनाच बरं पडेल,” असा सल्ला दिला. शेवटी बायकोने त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“रडू येतं का तुम्हाला?” बाईंनी दिवा डोळ्यावर रोखत विचारलं.

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही.”

“इच्छा होते. येत काही नाही.”

“तेच तर दुखणं आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. बुबुळावर बारीक ओरखडे उठले होते. लाली घालवणारी बाटली बाईंनी स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत टाकली आणि नवीन थेंब लिहून दिले. हे निव्वळ कृत्रिम अश्रू, दर दोन तासांनी टाकायचे. पापणी लववायची. मुख्य म्हणजे त्या झोताखालून उठायचं. “आणि एवढं करूनही भागलं नाही, तर अश्रू वाहून जायच्या वाटेला बारीकसं बूच बसवू. पण ऐका. असंच चाललं तर बारीक अक्षर दिसायचं बंद होईल.”

बारीक अक्षर ही चार नंबरची भाकरी होती. दुसऱ्याच दिवशी त्याने जाळी फिरवून मिळण्यासाठी अर्ज केला. देखभाल विभागाने अर्ज सहानुभूतीने तपासला. जाळी फिरवता येण्यासारखी होती. शिडीही होती. परंतु शिडीवर चढणाऱ्या माणसाचा विमा नव्हता. अर्ज विचाराधीन राहिला.

थेंबांचं मात्र त्याने मनावर घेतलं. खिडकी सोडून उठायची परवानगी नसल्यामुळे तो बसल्या जागीच, फाइल शोधण्याच्या मिषाने टेबलाखाली वाकून, थेंब टाकू लागला. त्या मंगळवारी तो टेबलाखालून वर आला तेव्हा समोर बेकरीवाला उभा होता. त्याची भट्टी फुटून निम्मं दुकान जळालं होतं. चार नंबरने पडद्यावरचं कारण वाचलं:

“भट्टीत आग असणं अपेक्षित होतं. अपेक्षित गोष्टीला अपघात म्हणता येत नाही.”

बेकरीवाल्याने दोन्ही मुठी काउंटरवर आपटल्या, श्वास भरून घेतला, आणि तेवढ्यात तो थेंब ओघळला. बेकरीवाल्याचा श्वास तसाच राहिला. त्याने कारकुनाचे लाल डोळे बघितले, ओला गाल बघितला.

“अहो… अहो दादा, असं काय करता!” तो म्हणाला. “जाऊ द्या हो. तुमचा काय दोष?”

“नाही, ते ड्रॉप्स…”

“काही बोलू नका. माझ्या सख्ख्या भावाने एवढं मनाला लावून घेतलं नाही. उलट म्हणाला, तुलाच हौस होती मोठ्या भट्टीची.” त्याने खिशातला रुमाल काढून खिडकीतून आत सरकवला. “ठेवा. तुम्हाला रोजच लागत असेल.”

आणि भरपाई न घेता तो निघून गेला. जाताना त्याने दरवाजाही हळूच लावला.

साहेबांनी हे सगळं आपल्या खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. त्यांनी चार नंबरला बोलावून घेतलं.

“तुम्ही रडलात?”

“नाही साहेब. औषध आहे ते. जास्तीचं बाहेर आलं.”

साहेबांचा चेहरा उतरला. मग हळूहळू उजळला. “म्हणजे,” ते म्हणाले, “पाहिजे तेव्हा येतं?”

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. संस्थेच्या इतिहासात इतका मानवतावादी कागद निघाला नसेल. त्यातल्या ठळक सूचना अशा: थेंब नकाराच्या आधी नव्हे, नंतर ओघळावा. एका वेळी एकाच डोळ्यातून ओघळावा; दोन्ही डोळे वाहू लागल्यास ग्राहकाला आशा वाटण्याचा संभव असतो. मृत्यूच्या दाव्यांत थेंब पुसू नये, गाडीच्या दाव्यांत पुसावा. (मोडलेल्या आरशासाठी अश्रू वापरण्यापूर्वी वरिष्ठांची संमती घ्यावी.) हसू नये. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं कलम: थेंब गालावर दिसला पाहिजे. डोळ्यात राहिलेला थेंब वाया गेला असं समजण्यात येईल.

डोळे लाल नसतील तर नुसत्या थेंबाने भागत नाही, ते पाणी मारल्यासारखं दिसतं, हे सहाव्या खिडकीवर लगेच लक्षात आलं. तेव्हा त्याच संध्याकाळी शिडी निघाली. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खिडकीवरच्या तिन्ही जाळ्या मोजूनमापून कर्मचाऱ्यांच्या तोंडावर रोखण्यात आल्या. चार नंबरची आधीच त्याच्या तोंडावर होती. ती थोडी आणखी खाली आणली. शिडीवर कोण चढलं आणि त्याच्या विम्याचं काय झालं, हे समजू शकलं नाही. चार नंबरचा जुना अर्ज मात्र त्याला परत मिळाला. त्यावर शेरा होता: ‘निकाली. झोताची दिशा बदलण्यात आली आहे.’

परिणाम डोळे दिपवणारे होते. पूर्वी शंभर नाकारलेल्यांपैकी चाळीस जण अपील करायचे. आता तिघे करू लागले, आणि त्या तिघांपैकी दोघांना नीट दिसत नव्हतं. लोक भांडायला येत आणि धीर देऊन जात. एका सुतारबाबाने तर सहाव्या खिडकीवरच्या कारकुनाच्या पाठीवरून हात फिरवण्यासाठी आत सोडा, असा आग्रह धरला. सगळ्यांत पुढे गेल्या त्या पाचव्या खिडकीवरच्या ताई. ज्या बाईने आयुष्यात कुणाला गोड शब्द दिला नाही, तिचा थेंब असा काही लयीत उतरायचा, की रांगेतली माणसं आपलं काम विसरून बघत राहायची. “त्यात काय मोठंसं,” त्या म्हणत. “मनात काही नसलं की हात स्थिर राहतो.”

पद्धतीचा जनक म्हणून चार नंबरला ‘संवेदनशील कर्मचारी’ हा किताब मिळाला. गालावर थेंब चमकतोय असा त्याचा मोठा फोटो शाखेत लागला. घरीही एक प्रत आली. बायकोने तो फोटो बराच वेळ न्याहाळला.

“माझी आई दवाखान्यात होती तेव्हा एक टिपूस नाही,” ती म्हणाली, “आणि त्या बेकरीवाल्यासाठी गंगा-यमुना?”

“अगं, औषध आहे ते. तुझ्यासमोरच तर लिहून दिलं बाईंनी.”

“मग डोळे अजून असे का? आधी टोमॅटो होते, आता बीट झालेत.”

याचं उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. ओरखडे वाढले होते.

“थेंब टाकता ना दर दोन तासांनी?”

“दर दहा मिनिटांनी टाकतो.”

“मग आत काहीच कसं नाही?”

“आत नाही राहू द्यायचं,” चार नंबर म्हणाला. “गालावर टाकायचं असतं.”

बाईंनी हातातला दिवा खाली ठेवला. त्या वैद्यकीय भाषेत जे बोलल्या त्याचा सारांश असा, की आता बूच बसवावं लागेल, महिनाभर सुट्टी घ्यावी लागेल, आणि हे लवकर झालं नाही तर पुढच्या वर्षी शाखेतला फोटो स्वतःचाच आहे हे त्याला दुसऱ्याकडून विचारून घ्यावं लागेल.

“क्लेम टाक,” बायको परतीच्या वाटेवर म्हणाली. “आठ वर्षं पगारातून हप्ता कापतायत. दुसऱ्यांचे परत करतोस, स्वतःचा तरी घे.”

त्याने तिसऱ्या खिडकीवर दावा दाखल केला. सोबत डॉक्टरीणबाईंचा अहवाल जोडला, त्यात ‘अश्रूंचा तीव्र अभाव’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कंपनीचाच माणूस, कंपनीचीच पॉलिसी, डोळ्यांदेखतचा आजार. नाकारायला जागाच नव्हती, आणि जागा कुठे असते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बोलावणं आलं ते खिडकी पाचवर. चार नंबर आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिला. ताई नुकत्याच टेबलाखालून वर आल्या होत्या.

“बसा म्हटलं असतं, पण बाहेर खुर्ची नाहीये,” ताई म्हणाल्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत, पापणी न लववता वाचू लागल्या. “ज्या इसमाच्या डोळ्यांतून कामाच्या वेळेत अश्रू वाहताना शेकडो ग्राहकांनी समक्ष पाहिलं आहे, ज्याला त्याबद्दल किताब देण्यात आला आहे, आणि ज्याचा अश्रूसहित फोटो शाखेत लावलेला आहे, त्याचे डोळे कोरडे असल्याचा दावा मान्य करता येत नाही.”

“ताई, ते अश्रू कसले होते ते तुम्हाला माहितेय.”

“मला माहितेय रे.”

“साहेबांना माहितेय. तेच थेंब आहेत ते. तुमच्या ड्रॉवरमध्ये…”

आणि तेवढ्यात ताईंच्या डाव्या डोळ्यातून थेंब निघाला. चार नंबरला त्या बाटलीचा रंग माहीत होता. झाकण कुठल्या बाजूला फिरतं हेही माहीत होतं. वाक्य संपल्यावर किती थांबायचं, हे तर त्यानेच ताईंना शिकवलं होतं. थेंब गालाच्या हाडापाशी क्षणभर थबकला आणि मग सावकाश खाली उतरला. ताईंचे डोळे अगदी त्याच्यासारखेच लाल झाले होते.

चार नंबर खिडकीशी वाकला.

“अहो ताई,” तो म्हणाला. “असं नका करू. जाऊ द्या. तुमचा काय दोष?”

त्याने खिशात हात घातला. बेकरीवाल्याचा रुमाल अजून खिशातच होता. तो त्याने खिडकीतून आत सरकवला. मग ‘सेवेने आपले समाधान झाले काय?’ या चिठ्ठीवर ‘पूर्ण’ या शब्दापुढे खूण केली (अक्षर बारीक असल्यामुळे चिठ्ठी नाकाला लावावी लागली) आणि बाहेर पडताना दरवाजा हळूच लावला.

खाली बस उभी करून बायको वाट बघत होती. “काय झालं?”

“नाही म्हणाले,” तो म्हणाला. “पण ताईंना फार वाईट वाटलं.”

बायकोने त्याच्याकडे आरशातून पाहिलं आणि बस चालू केली.

यावर ज्यांना हसू आलं त्यांनी आपला परत आलेला दावा आठवून बघावा. कारण काय दिलं होतं, ते आठवणार नाही. खिडकीवरचं माणूस मात्र फार चांगलं होतं, हे आठवेल.

अपिलाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते. ही नोंद पूर्ण होईपर्यंत चार नंबरचं अपील आलेलं नाही. तुमचंही नाही.